आमेननंतर सभा नसते

लंडनच्या पिनर उपनगरात माझी धाकटी बहीण राहते. तिच्या किटलीत चुन्याचा थर बसतो. तो कोणी मुद्दाम बसवत नाही. रोज पाणी उकळले, की आपोआप बसतो. लीड्सचे पाणी मऊ आहे, त्यामुळे माझ्या किटलीत काही साठत नाही. माझे साठते ते ऑफिसात! परवा इथल्या मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात कोणीतरी विचारले, "वसुधाताई, तुम्ही त्या घानाच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं करता तरी काय?" मी सांगायला सुरुवात केली आणि साऱ्या पंगतीची खीर गार झाली. थर अधूनमधून खरवडलेला बरा, म्हणून आज लिहूनच काढते.

काम साधे आहे. शेतकऱ्याने काय पेरावे, हे आम्ही सांगत नाही; ते त्याला कळते. सरकार जे करते त्याचे पुढे काय होते, हे आम्ही पाहतो. खतावर सवलत दिली, तर ती कोणाच्या बांधापर्यंत पोहोचते? मक्यासाठी गोदामे बांधली, तर आत मका असतो की बाहेर नुसते कुलूप? घानातल्या जिल्ह्यांच्या शेती अधिकाऱ्यांना असे प्रश्न विचारायला शिकवायचे, आणि त्यांची उत्तरे मंत्र्यांना कंटाळा येण्यापूर्वी संपतील अशी मांडायला शिकवायची, हे आमचे प्रशिक्षण. लीड्सच्या विद्यापीठातले आमचे केंद्र आणि कुमासी शहरातली एक संशोधन संस्था, यांची ही भागीदारी.

कुमासीची बाजू एफुआ सांभाळते. पन्नाशीची, ठाम, हसरी बाई. संस्थेच्या आवारात बियाण्यांचे एक जुने गोदाम होते. ते तिने झाडून, रंगवून, बाके टाकून घेतले आणि तिथे हे प्रशिक्षण सुरू केले. सगळे त्याला शाळाच म्हणतात. लीड्सची बाजू आमचा संचालक माल्कम सांभाळतो. उंच, प्रामाणिक, वक्तशीर यॉर्कशायरचा माणूस. त्याच्यात एकच दोष आहे. त्याला शांतता सहन होत नाही. एफुआला कोणी प्रश्न विचारला, की उत्तर माल्कम देतो. त्यात गर्व असता तर बोट ठेवता आले असते. त्याला फक्त मदत करायची असते, आणि मदतीवर बोट ठेवणे फार अवघड!

या उन्हाळ्यात आमच्या प्रकल्पाची समीक्षा होती. निधी देणाऱ्यांची अट स्पष्ट होती: कारभार कुमासीच्या हातात आहे असे समीक्षकाला पटले, तर पुढची मुदत, सगळे लीड्सच हाकते आहे असे दिसले, तर प्रकल्प बंद. प्रकल्प बंद म्हणजे शाळा बंद. बाकीच्यांना आणखी पुष्कळ काही हवे होते. एफुआला शाळा हवी होती.

* * *

आम्ही पहिल्यांदा कुमासीला गेलो, तेव्हा ऊन मी म्हणत होते. संस्थेच्या व्हरांड्यात एफुआ स्वागताला उभी होती. माल्कमने खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला आणि बसता बसता सुरुवात केली, "आपली तीन उद्दिष्टं आहेत."

"माल्कम, पाणी," एफुआ म्हणाली.

"नको, थँक्यू. गाडीत प्यायलो."

"तू अजून आलेला नाहीस," शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले.

माल्कमने स्वतःकडे पाहिले. तो आलेला होता!

हे गृहस्थ म्हणजे अल्हाजी इब्राहिम. एफुआच्या संस्थेतले सर्वांत ज्येष्ठ. हज करून आलेले, म्हणून सगळे त्यांना अल्हाजी म्हणतात. त्यांनी शांतपणे समजावले. तिकडे पाहुण्याला आधी बसवतात आणि पाणी देतात. त्याचे पाणी पिऊन होईपर्यंत कामाचे कोणी बोलत नाही. मग यजमान विचारतो, "आमच्याकडे सगळं शांत आहे. तुमचं येणं कशासाठी?" कारण सर्वांना ठाऊक असले, तरी विचारायचे. आणि पाहुण्यानेही ते पहिल्यापासून सांगायचे.

"पण बोलावणं तुमचंच होतं!" माल्कम म्हणाला. "अजेंडासुद्धा तुम्हीच पाठवलात."

"म्हणून काय झालं?" एफुआ म्हणाली. "तू अजून कुठे सांगितलंस?"

उन्हातून आलेल्याच्या हाती आधी गूळ-पाणी द्यावे आणि मग चौकशी करावी, हे आमच्या अकोल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. मी निमूटपणे ग्लास रिकामा केला. माल्कमनेही केला, एका दमात. मग त्याला रीतसर विचारण्यात आले, आणि तो सांगू लागला. उद्दिष्टे झाली, उपउद्दिष्टे झाली, अपेक्षित परिणाम झाले. व्हरांड्यातली सावली एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेली, तेव्हा तो थांबला.

अल्हाजी एफुआकडे झुकून हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी मोठा ग्लास द्या!"

* * *

मग एफुआ पहिल्यांदा लीड्सला आली.

आमच्या इमारतीत पाहुण्याचे स्वागत कसे होते, ते सांगते. आधी गळ्यात बिल्ला अडकवतात. मग आग लागली तर कोणत्या दाराने पळावे, याची फिल्म दाखवतात. मग बसवून ठेवतात. आगीची इतकी काळजी घेणाऱ्यांना पाण्याची आठवण होत नाही, हे नवल आहे.

निखिल वर धावत आला. निखिल हा आमचा पुण्याचा मुलगा, वर्क व्हिसावर आलेला. प्रकल्पाची सगळी आकडेमोड त्याच्याकडे. "अहो ताई, एफुआ मॅम कधीच्या रिसेप्शनमध्ये बसल्यात. व्हिजिटर बॅज घालून! लिटरली कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही त्यांना. माल्कम स्टाफ मीटिंगमध्ये अडकलाय."

"अडकलाय की बोलतोय?"

"ताई, सेम थिंग आहे ना ते!"

मी पाण्याचा ग्लास घेऊन खाली गेले, तिच्यासमोर बसले आणि तिचे पिऊन होईपर्यंत एक शब्द बोलले नाही. मग विचारले, "आमच्याकडे सगळं शांत आहे. तुझं येणं कशासाठी?"

एफुआ आधी हसली. मग सरळ बसली आणि तिने पहिल्यापासून सांगितले. घरी सगळे खुशाल आहेत. प्रवास बरा झाला. यंदा पाऊस उशिरा आला, पण आला. "आणि मी माझ्या शाळेसाठी आले आहे, सिस्टर," ती म्हणाली. "ती माझ्या हातून चालावी, आणि माझ्यानंतरही चालावी, एवढ्यासाठी."

काउंटरमागची आमची रिसेप्शनिस्ट कॅरोल हे सारे ऐकत होती. तिला ती पद्धत फारच आवडली. दुसऱ्या दिवसापासून तिने काउंटरवर जग आणि ग्लास मांडले. त्या सकाळी पहिला आला तो पार्सलवाला. कॅरोलने त्याला बसवले, पाणी दिले, त्याचे पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग गंभीरपणे म्हणाली, "इथे सगळं शांत आहे. तुमचं येणं कशासाठी?"

त्याने ग्लास खाली ठेवला. खोके पुढे सरकवले.

"सही हवी होती, लव्ह!"

* * *

कुमासीला कोणतीही सभा प्रार्थनेने उघडते आणि प्रार्थनेने मिटते. मग विषय परमेश्वराचा असो की खताचा. उघडताना कोणीतरी ख्रिस्ती प्रार्थना करते आणि मिटताना बहुधा अल्हाजी. शेवटी 'आमेन' मात्र सगळे मिळून म्हणतात. मला हे पहिल्याच दिवशी पटले. आपण माणसांच्या पोटापाण्याचे ठरवायला बसलो आहोत, याची आठवण सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा झालेली बरी.

माल्कमला ते पटले नाही, पण तो सभ्य माणूस आहे. तो डोळे उघडे ठेवून मान खाली घालत असे. त्याने मला सांगितले होते, की त्याने शेवटची प्रार्थना शाळकरी वयात, आपल्या फुटबॉल संघासाठी केली. संघ हरला. विषय तिथेच संपला!

तर पहिल्याच कार्यशाळेत अल्हाजींनी समारोपाची प्रार्थना केली, सर्वांनी आमेन म्हटले, आणि माल्कम उठून म्हणाला, "जाता जाता फक्त एक मुद्दा."

त्याने मुद्दा मांडायला घेतला. समोर खुर्च्या एकावर एक चढू लागल्या. कोणी पंखा बंद केला. कोणी फळा पुसला. अल्हाजी चपला शोधत होते.

"अल्हाजी," माल्कम कळवळून म्हणाला, "मी बोलतो आहे!"

"बोला ना," अल्हाजी प्रेमाने म्हणाले. "पण सभा संपली. आमेननंतर सभा नसते."

* * *

त्याच दौऱ्यात एफुआने मान म्हणून समारोपाची प्रार्थना माल्कमला सांगितली. "माल्कम, आज तू."

तो उभा राहिला. तोंड उघडले. शब्द फुटेना! आमच्या केंद्राच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. निखिलने फोन काढला होता. मी त्याच्याकडे पाहिले, त्याने ठेवून दिला. शेवटी माल्कमने माझ्याकडे हात केला. "वसुधा धार्मिक आहे. ती करेल."

मी उठले. देवाशी मी मराठीतच बोलते, तशीच बोलले. म्हटले, "देवा, आम्हाला थोडं कमी बोलायची आणि पुष्कळ जास्त ऐकायची बुद्धी दे."

मराठी समजणारा तिथे एकटा निखिल. त्याला खोकला आला. बाकी सर्वांनी खणखणीत आमेन म्हटले, आणि त्यात माल्कमचा आवाज सर्वांत मोठा होता.

संध्याकाळी जेवताना माल्कमने विचारले, "फार छान वाटलं ऐकायला. अर्थ काय होता?"

मी उत्तर देण्यापूर्वी निखिल म्हणाला, "ताईंनी तुझ्यासाठी प्रार्थना केली, माल्कम."

माल्कमचे डोळे भरून आले. त्याने माझे आभार मानले. ताटातले जेवण गार होईपर्यंत मानले!

* * *

कुमासीजवळच्या एका गावात मक्याच्या साठवणीची पाहणी करायची होती. त्यासाठी गावच्या प्रमुखांची परवानगी हवी. त्यांच्याशी थेट बोलायचे नसते. त्यांच्या बाजूला हातात नक्षीची काठी घेतलेले एक गृहस्थ उभे असतात. आपण त्यांना सांगायचे आणि त्यांनी ते प्रमुखांना शोभेल अशा भाषेत पुढे पोहोचवायचे.

एफुआने माल्कमला आदल्या दिवशीच बजावले होते, "दोन वाक्यं. पुढचं मी बघते."

माल्कमने पहिले वाक्य सुरू केले. ते कुठे संपले, हे आम्हाला आजही सांगता येणार नाही. पाहणीचा हेतू झाला, पद्धत झाली, पद्धतीच्या मर्यादा झाल्या. छत्रीखाली बसलेले प्रमुख स्थिर नजरेने समोर पाहत होते. तो थांबल्यावर काठीवाले गृहस्थ प्रमुखांकडे वळले, एक छोटेसे वाक्य बोलले आणि पुन्हा सरळ उभे राहिले. प्रमुखांनी मान हलवली. परवानगी मिळाली.

परत येताना माल्कम अस्वस्थ होता. "एफुआ, त्यांनी सगळं पोहोचवलं नाही."

"प्रमुख लिव्हरपूलला शिकलेले आहेत," एफुआ म्हणाली. "तुझा शब्दन् शब्द त्यांना कळला."

"मग त्या गृहस्थांनी काय सांगितलं?"

"त्यात जे नवीन होतं, तेवढं."

* * *

दर बुधवारी लीड्स आणि कुमासीची ऑनलाइन बैठक होते. एका बुधवारी पुढच्या तुकडीचा अभ्यासक्रम ठरवायचा होता. एफुआने तो आखून आणला होता. माल्कम त्याच्या खोलीतून सामील झाला, निखिल आणि मी आमच्या खोलीतून. एफुआ पहिला मुद्दा मांडत होती, तोच माल्कम म्हणाला, "एफुआला असं म्हणायचं आहे, की..." आणि त्याचा आवाज बंद झाला.

पडद्यावर त्याचे ओठ हलत होते, हात हलत होते, भुवया वर जात होत्या. एफुआने क्षणभर पाहिले आणि ती पुढे बोलू लागली. अभ्यासक्रम ठरला, शिक्षक ठरले, बैठक संपली.

मी निखिलकडे वळले. "हे तू केलंस?"

"ताई, मी होस्ट होतो. जस्ट म्यूट केलं. त्याला मेसेज पण आला असणार स्क्रीनवर. तो वाचत नाही, त्यात माझा काय दोष?"

"दुसऱ्याचं तोंड बाहेरून बंद करणं म्हणजे संयम नव्हे, निखिल. संयम ज्याचा त्याने पाळायचा असतो."

"बरोबर आहे, ताई. पण मीटिंग वेळेआधी संपली ना?"

"संपली," मी म्हणाले. खोटे बोलण्याचे मला कारण नव्हते.

इतक्यात दार उघडून माल्कम आत आला. चेहरा उजळलेला!

"आजवरची सर्वांत चांगली बैठक," तो म्हणाला. "माझं एकही म्हणणं कोणी खोडलं नाही!"

* * *

दरवर्षी घानाच्या शेती अधिकाऱ्यांची एक तुकडी एफुआबरोबर आठवडाभर इकडे लीड्सला येते. त्यांना आम्ही यॉर्कशायरमधल्याच थर्स्क गावाजवळच्या एका शेतावर नेतो. शेतकरी साठीचा, लाल गालांचा, शब्दांना फार जपणारा.

पाहुण्यांनी त्याला इथल्या सरकारी धोरणाबद्दल विचारले. त्याने कुंपणाला टेकून विचारले, "कोणतं? मागच्या वर्षीचं, यंदाचं, की परवा बदललं ते?"

सगळे लिहून घेत होते. मग एका तरुण अधिकाऱ्याने अगदी निर्मळपणे विचारले, "आमच्या सरकारला शिकवायला तुम्ही भागीदारी केली आहे. तुमच्या सरकारला शिकवायला कोणत्या देशाने केली आहे?"

माल्कमने श्वास घेतला. त्याच्याकडे उत्तर तयार होते. ते नेहमीच असते. पण त्याआधी शेतकरी बोलला.

"कोणीच नाही, पोरा. तेच तर दुखणं आहे!"

परतीच्या बसमध्ये एफुआ माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ ती खिडकीबाहेर मेंढ्या पाहत होती. मग म्हणाली, "सिस्टर, माल्कमच्या आधी कोणीतरी बोलू शकतं, हे मी आज पाहिलं." ती हसली नाही. समीक्षा महिन्यावर आली होती.

* * *

समीक्षेच्या आदल्या दिवशी एफुआने तालीम ठेवली. ती लीड्सला आली होती. अल्हाजी कुमासीहून पडद्यावर होते. नियम एकच: प्रश्नांची उत्तरे एफुआ देणार, माल्कम गप्प बसणार. समीक्षकाचे काम निखिलला दिले. त्याने त्यासाठी टायसुद्धा लावला होता.

"डॉक्टर एफुआ," निखिलने भसाड्या आवाजात विचारले, "तुमच्या शाळेत शिक्षक कोण निवडतं?"

एफुआने उत्तर दिले. माल्कम गप्प!

"आणि विषय कोण ठरवतं?"

एफुआने उत्तर दिले. माल्कमने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मान लाल झाली होती.

"आणि डॉक्टर एफुआ, लीड्सवर तुम्ही किती अवलंबून आहात?"

"मुळीच नाही!" माल्कम ओरडला. "ती सगळं स्वतः करते! मी तुम्हाला सांगतो, तिचे निर्णय ती..." आणि पुढे तो बराच वेळ एफुआच्या स्वावलंबनावर बोलला.

तो थांबला. निखिलने टाय सैल केला.

"माल्कम," एफुआ हळू आवाजात म्हणाली, "उद्या समीक्षक बाई माझं उत्तर ऐकायला येणार आहेत. ते तू दिलंस, तर ते कितीही चांगलं असलं तरी माझी शाळा जाईल."

"मला फक्त मदत करायची होती."

"माहीत आहे मला. म्हणून तर सांगते आहे. मदत कर. बोलू नकोस."

माल्कमने मान खाली घातली. "मी येतच नाही उद्या," तो म्हणाला. पण संचालकाने हजर राहिलेच पाहिजे, असा नियम होता. मार्ग दिसत नव्हता. तेव्हा पडद्यावरून अल्हाजींनी घसा साफ केला.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "मोठा ग्लास!"

* * *

शेवटचा किस्सा सांगावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला, कारण त्यात देवाचे नाव येते, आणि ते नाव कामापुरते वापरू नये अशा घरात मी वाढले. पण जे घडले ते माझ्या डोळ्यांदेखत घडले.

समीक्षक हार्टलेबाई ठरल्या वेळी आल्या. करड्या केसांच्या, नेमक्या बोलणाऱ्या. निखिलने घरून बिअरचा भला मोठा पाइंट-ग्लास आणला होता. तो काठोकाठ पाण्याने भरून माल्कमपुढे ठेवला. बाकीच्यांचे ग्लास साधे. मोठा जग माझ्याजवळ.

एफुआने हार्टलेबाईंना बसवले. पाणी दिले. त्यांचे पिऊन होईपर्यंत थांबली. खोली आमची, इमारत आमची. पण यजमान ती होती. मग तिने विचारले, "आमच्याकडे सगळं शांत आहे. तुमचं येणं कशासाठी?"

हार्टलेबाई जराशा गोंधळल्या. मग त्यांनी सरळ सांगितले. "ही भागीदारी खरी आहे का, हे पाहायला आले आहे."

पडद्यावरून अल्हाजींनी सुरुवातीची प्रार्थना केली आणि काम सुरू झाले.

पहिला प्रश्न आला. माल्कमने ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. एफुआने उत्तर दिले. दुसरा प्रश्न. माल्कमने दोन घोट घेतले. शेती अधिकारी शाळेतून परत गेल्यावर काय करतात, असे हार्टलेबाईंनी विचारले. हा माल्कमचा सर्वांत आवडता विषय. त्याने अर्धा ग्लास संपवला! मी पुन्हा भरला. एफुआ सांगत होती: कोणत्या जिल्ह्यात खताच्या सवलतीची वाट बदलली, कुठे गोदामाचे कुलूप निघाले, कुठे अजून निघाले नाही आणि का नाही. जिथे जमले नाही, तिथे तिने जमले नाही म्हणून सांगितले. हार्टलेबाई भराभर लिहीत होत्या. निखिल टेबलाखाली बोटे गुंफून बसला होता.

शेवटी हार्टलेबाईंनी पान उलटले. त्यांनी आधी एफुआकडे पाहिले, मग माल्कमकडे, आणि मग दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे.

"एकच राहिलं," त्या म्हणाल्या. "या भागीदारीत शेवटचा शब्द कोणाचा असतो?"

प्रश्न कोणाला उद्देशून नव्हता. तो टेबलावर तसाच पडून राहिला. शांतता पसरली.

माल्कमने ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता.

मी जग उचलला. जगही रिकामा होता.

माल्कमने ग्लास खाली ठेवला. त्याची छाती फुगू लागली. निखिलने डोळे मिटले.

एफुआने समोरचे कागद एकत्र केले, टेबलावर आपटून त्यांच्या कडा जुळवल्या आणि मऊ आवाजात म्हणाली, "माल्कम, समारोपाची प्रार्थना तू कर."

माल्कमने तिच्याकडे पाहिले. तोंड उघडेच होते. मग तो सावकाश उभा राहिला. हात समोर जोडले. मान खाली घातली आणि या वेळी डोळेही मिटले. पडद्यावर अल्हाजींनी तळवे वर केले. मी हात जोडले. हार्टलेबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि मान लववली.

बाहेर रस्त्यावरून बस गेल्याचे ऐकू आले. कोणीतरी जिना चढून वर गेले. माल्कम उभाच होता.

"आमेन," तो म्हणाला, आणि खाली बसला.

"आमेन," सगळे म्हणाले.

हार्टलेबाईंनी मान वर केली. पेन अजून हातात होते, प्रश्नाखालची जागा कोरीच होती. त्यांनी काही बोलण्यासाठी ओठ विलग केले. तोवर एफुआ उठून खुर्च्या भिंतीशी लावू लागली होती. माल्कम काही न बोलता दुसऱ्या बाजूच्या खुर्च्या उचलत होता. पडद्यावर अल्हाजी वाकून चपला शोधत होते.

हार्टलेबाईंनी कोऱ्या जागेत 'एफुआ' हा एकच शब्द लिहिला, पेनाला टोपण लावले, आणि आपली खुर्ची स्वतः उचलून भिंतीशी नेऊन ठेवली.